कडीचा आवाज आणि सतरंजीवरचा गट

महोदय,
व्यसनमुक्तीबद्दल छापून येतं ते पिणाऱ्याविषयी. घरच्या माणसांचं काय होतं, हे क्वचितच येतं. माझे यजमान अकरा वर्षं पीत होते. एका डॉक्टरांनी मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणाले, झालं.

पुढे शेजारणीने अल-अ‍ॅनॉनच्या सभेला नेलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं, ते पिणाऱ्यांसाठी; अल-अ‍ॅनॉन १९५१ पासून त्यांच्या घरच्यांसाठी आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. आणि सल्ला द्यायचा नाही! (आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड.)

पहिले तीन आठवडे मी नुसती सतरंजीचे दोरे उपटत बसले. चौथ्या वेळी एक बाई म्हणाली, ‘दाराची कडी कशी वाजते त्यावरून मला कळतं, आज किती झालीय.’ आम्ही सगळ्याच हसलो. मग मी बोलले, रडलेही. यजमानांची दारू त्यानंतरही दोन वर्षं सुटली नाही, पण माझ्या गोळ्या सुटल्या.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारखी केंद्रं तालुक्याला कुठून असणार? पण अशा गटाला लागते एक खोली, आठवड्यातून दीड तास. ग्रामीण रुग्णालयांनी संध्याकाळी रिकामी असलेली एखादी खोली द्यावी, एवढीच विनंती. बाहेर पाटी मात्र लावू नये. पाटी पाहून बायका आत येणार नाहीत.

– एक वाचक, सातारा
(कृपया नाव छापू नये.)