ठाण्यात भांडी पण बनतात, तेवढं छापा

प्रति, संपादक,
नमस्कार. रविवारच्या पुरवणीतला ठाण्याच्या वागळे इस्टेटवरचा लेख वाचला, एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणून सुरुवात, मग संप, टाळेबंदी आणि आता त्याच प्लॉटवर आयटी पार्क, सगळं व्यवस्थित आलंय, फोटो पण झकास, पण भांड्यांवर एक ओळ नाही याचं वाईट वाटलं. औषधं, इंजिनिअरिंग, केमिकल सगळ्यांची नावं आली आणि जे प्रत्येकाच्या ओट्यावर आहे तेच राहिलं!

प्रेशर कुकरवाल्या हॉकिन्सचा कारखाना वागळे इस्टेटमध्येच आहे हो. बऱ्याच जणांना नावावरून ती अजूनही विलायती कंपनी वाटते. नाव विलायती आहे हे खरं, कारण इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स कंपनीचं तांत्रिक सहकार्य घेऊन एच. डी. वासुदेव यांनी 1959 साली हे काम इथे मुंबईत सुरू केलं, आधी कंपनीचं नाव पण साधंच होतं, प्रेशर कुकर्स अँड अप्लायन्सेस. आणि त्या कुकरचं झाकण बघा, ते वरून बसत नाही, तिरकं करून आत घालायचं आणि मग वर ओढून अडकवायचं, आत वाफ भरली की ती वाफच झाकणाला आतून वर दाबून धरते, म्हणजे प्रेशर उतरल्याशिवाय कितीही जोर लावा, उघडत नाही. भूक लागलेल्या माणसाच्या हातात कुकर द्यायचा तर हे असंच पाहिजे. आत पाणी शंभरऐवजी 120 डिग्रीच्या आसपास उकळतं म्हणून तूरडाळ पटकन शिजते, रॉकेल आणि गॅस दोन्हीची मारामार असलेल्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती ते आमच्या पिढीला विचारा.

मी स्वतः मोठ्या कंपनीत नव्हतो, इस्टेटमधल्याच एका छोट्या जॉबवर्कच्या गाळ्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून भांडी काढायच्या मशीनवर होतो, पातेली, टोप, डबे असलं काम. अॅल्युमिनियमच्या गोल पत्र्याला आम्ही सर्कल म्हणायचो, त्याला तेल लावायचं, डायवर म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचं, वरून दाबणारा पंच खाली आला की टोप तयार, बघायला एकदम सोपं. पण तेल कमी पडलं की बुडाच्या वळणावर टर्रकन फाटायचं आणि पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या होल्डरचा दाब कमी पडला की कडेला चुण्या यायच्या, मग शेठची बोलणी. नंतर कड कापायची, ती कात्रण भंगारात जाऊन परत वितळायची, यातलं काही वाया जात नाही. सगळ्यात वाईट काम बफिंगचं, म्हणजे भांडं घासून चकचकीत करायचं, तोंडाला फडकं बांधलं तरी संध्याकाळी माणूस कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा काळा, आणि हातातलं भांडं मात्र आरशासारखं. दुकानात गिऱ्हाईक ती चकाकीच बघून घेतं.

लेखात अजून एक वाक्य आहे की अॅल्युमिनियमची भांडी स्वातंत्र्यानंतर आली. तसं नाहीये. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या अधिकाऱ्याने 1898 मध्येच अॅल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली होती, पुढे ते काम खाजगी कंपनीकडे गेलं. धातू स्वस्त झाला कारण 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी वेगवेगळं काम करून विजेने अॅल्युमिनियम काढायची पद्धत शोधली, त्याच्याआधी तो श्रीमंतांचा मिरवायचा धातू होता. आणि आपल्याकडे बायकांनी ही भांडी उचलली त्याचं कारण अगदी साधं, हलकी, स्वस्त, आणि कल्हईवाल्याची वाट बघायला नको. लोक त्याला जर्मनची भांडी म्हणून नाकं मुरडायचे, पाहुण्यांसमोर पितळ निघायचं, पण रोजचा भात कशात शिजत होता?

आता टोमॅटो, चिंच, कोकम असलं आंबट साध्या अॅल्युमिनियममध्ये ठेवू नये हे मान्य, आंबटाने धातू थोडा उतरतो आणि भांडं काळं पडतं. त्यावर हार्ड अॅनोडाइझिंग आलंच की, अॅसिडच्या पाण्यात भांडं बुडवून करंट सोडतात, वर ऑक्साइडचा कडक काळपट थर चढतो आणि मग आंबटाचा त्रास राहत नाही. ही पण माहिती लेखात चालली असती.

तर विनंती एवढीच, या विषयावर एक वेगळा लेख करा. फक्त मालकांच्या मुलाखती नकोत. किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर इथे प्रेसवाले, बफिंगवाले, हँडल लावणाऱ्या बायका अजून आहेत, काही जणांची बोटं प्रेसमध्ये गेली ते पण सांगतील. बरेच जण रिटायर होऊन गावाला निघालेत, त्यामुळे गणपतीच्या आधी वार्ताहर पाठवलात तर बरं होईल, नंतर अर्धे लोक कोकणातच राहतात.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कामगार, किसननगर, ठाणे