इतिहासावर भांडायचंच असेल तर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विषय टाळतोस, म्हणून लिहितेय. गणपतीत आरतीनंतर मांडवात तुझं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं वसईच्या मोहिमेवरून वाजलं. तू १७३७ धरून बसलास, ते १७३९. वाद घातलास याचा मला राग नाही. बाकीची पोरं प्रसाद घेऊन पळाली आणि तू इतिहासावर भांडत थांबलास, याचं खरं तर कौतुकच वाटलं. पण गाडी "तुला काय घंटा कळतं" इथवर गेली, ते नाही आवडलं.

मी नंतर पुस्तक काढून बघितलं. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं ते आपलं ठाणं. वसईचा किल्ला हाती यायला १७३९चा मे उजाडला. मोहिमेचं एक टोक तुझ्याकडे होतं, दुसरं त्यांच्याकडे. "काका, कुठे वाचलंत?" एवढं विचारलं असतंस तरी पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

एकेरीचं म्हणशील, तर आपण विठोबालाही एकेरीच हाक मारतो आणि तू मला 'अगं आई'च म्हणतोस. त्यात जवळीक असते. सत्तरीच्या माणसाला चारचौघांत घंटा ऐकवण्यात कसली जवळीक? 'तुम्ही' म्हणूनही समोरच्याला खोटं पाडता येतं. उलट जास्त झोंबतं.

आणि ज्या ठाण्यावरून हे सगळं झालं, तिथला किल्ला तू लहानपणापासून बघतोयस. आपण त्याला जेल म्हणतो, एवढंच. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी दिली. वयाने ते तुझ्याहून लहान होते.

तिथलीच आणखी एक हकीगत सांगते, तुला आवडेल. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा ठपका त्यांच्यावर आला आणि इंग्रजांनी त्यांना या किल्ल्यात ठेवलं. पहारा सगळा गोऱ्यांचा. असं सांगतात, की एका साहेबाचा मोतद्दार घोडा फिरवायच्या निमित्ताने रोज त्यांच्या खिडकीखालून गाणं म्हणत जायचा. घोडा कुठे उभा असेल, माणसं कुठे दबा धरून असतील, सगळा बेत त्या मराठी गाण्यात! पहारेकऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी पसार झाले. ही गोष्ट पुढे बिशप हेबर यांनी प्रवासवर्णनात लिहून ठेवली. त्यात खरं किती आणि रंगवलेलं किती, ते तू शोध. माझा गाण्यावर विश्वास आहे, पण माझं काय, मला गोष्टी आवडतात.

शोधायला पुण्यालाच जायला हवं असं नाही. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून ठाण्यात आहे. ते उभं करण्यात पुढाकार होता वि. ल. भावे यांचा, आणि तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिला तोही त्यांनीच. हे तुला टोमणा म्हणून लिहीत नाहीये. (थोडासा आहे.) रील बघून इतिहास कळल्यासारखा वाटतो, पुस्तकात खाली टीप असते, तिच्यावरून दुसरं पुस्तक उघडावं लागतं, तिथे भलतंच निघतं. डोकं भणभणतं खरं, पण पुढच्या वेळी तारीख सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

काकांकडे वसईच्या मोहिमेवरचं एक जुनं पुस्तक आहे, कव्हर निघालेलं. मागायला तूच जा, मी आणून देणार नाही. आणि दिवाळीत आलास की फोटो आणि आधार घेऊन संग्रहालयात जाऊ, तुझं वेगळं कार्ड काढू. माझ्या कार्डावर जागा नाही, दोन कादंबऱ्या अजून परत करायच्या आहेत.

तुझी,
आई