डाव्या बाजूने हाक

सोन्या,

कानांचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते. टूर कशी चाललीय, रात्री व्हॅन कोण चालवतं, झोप होते का, एवढंच विचारायचं होतं. पण काल फोनवर तू सहज बोलून गेलास की शो झाल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, आणि लगेच नव्या गाण्याचं सांगायला लागलास. मी मात्र त्या शिट्टीपाशीच अडकले.

निघायच्या आदल्या दिवशी मी चिडले ना, हाका मारून घसा बसला तरी बघत नाहीस म्हणून. नंतर लक्षात आलं, मी तुझ्या डाव्या बाजूला उभी होते, ड्रम वाजवताना तुझी ती हाय-हॅटची झांज असते त्या बाजूला. तू घुश्शात नव्हतास रे, तुला ऐकूच आलं नव्हतं. आजीचं पण असंच सुरू झालं होतं, पण तेव्हा ती सत्तरीची होती.

कानांना ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो म्हणे, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. तुमचा सेटच तासाभराचा, वर साउंडचेक, प्रॅक्टिस. आणि आतल्या कानातल्या त्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. फोमचे बोळे घातले की सिंबलचा आवाज गढूळ वाटतो हे तुझं खरं असेल, पण कानाचा साचा घेऊन वादकांसाठी वेगळे प्लग करतात, त्यात सगळेच सूर सारखे कमी होतात, मग ते का नाही

झालं, लेक्चर सुरू झालं. सॉरी.

डिग्रीवरनं भांडलो तेव्हा तू मला त्या रॉक ड्रमरचं, डेव्ह ग्रोलचं उदाहरण दिलं होतंस, १७ व्या वर्षी शाळा सोडून स्क्रीम बँडमध्ये ड्रम वाजवायला गेला आणि आई शिक्षिका असून तिने जाऊ दिलं. मीही शिक्षिकाच, पण माझ्यात तेवढा धीर नव्हता, मी अडूनच बसले. ते अजून मनात आहे माझ्या. पण ती गोष्ट तू अर्धीच सांगितलीस. २०२२ मध्ये त्यानेच सांगितलंय की गेली वीसेक वर्षं तो समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतो.

त्या दिवशी शोला मी मागे भिंतीला टेकून उभी होते. शेवटून दुसऱ्या गाण्यात गिटार थांबतात आणि तू एकटाच स्नेअर ड्रमच्या कडेवर हळूच टकटक करत राहतोस, इतकं हळू की सगळा हॉल श्वास धरून ऐकत होता. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता, त्यांना विचारलंस तर नाही म्हणतील. लहानपणी उशीवर फुटपट्टी वाजवायचास तेव्हाही मला तुझं ते हळू वाजवणंच आवडायचं, दाराबाहेर उभी राहून ऐकायचे मी.

ते तुला स्वतःला नीट ऐकू येतं ना अजून?

टूर संपली की ऑडिओग्राम, म्हणजे ती ऐकू येण्याची तपासणी, करून घे. वेळ मीच घेऊन ठेवते. नको, तूच घे, मोठा आहेस. फक्त तारीख कळव, आणि डाव्या कानाचं आधी सांग त्यांना.

आई