‘आधी माझ्यावर लाव’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मद्रासची आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था या तिघांनी मिळून चालवलेल्या क्लिनिकल इंजिनिअरिंगच्या एम. टेक.ला मला प्रवेश मिळाला. ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा तुम्ही ‘फार छान झालं’ एवढेच म्हणालात आणि आयसीयूतला इन्फ्युजन पंप (शिरेतून ठराविक वेगाने औषध सोडणारे यंत्र) अडला आहे, तो दुरुस्त करायचा आहे म्हणून फोन ठेवलात. आभार मानायचे राहून गेले. समोर बसून मानायला आले असते, तर तुम्ही मला बोलूच दिले नसते. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांसमक्ष. तुमचे नाव मात्र लिहीत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही.

मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकायला आले तेव्हा यंत्र उघडून पाहायला मिळेल, एवढी एकच साधी अपेक्षा माझ्या मनात होती. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून नेहमीच्या स्थितीत रुग्णाच्या शरीरात 10 मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती प्रवाह, म्हणजे यंत्रातून नकळत झिरपणारी वीज, जाता कामा नये, हे मी परीक्षेत लिहिले आणि त्याचे गुणही मिळवले. पण तो प्रवाह मोजणारे यंत्र आमच्या प्रयोगशाळेत कुलूपबंद कपाटात होते, त्याच्यावरचे प्लास्टिकसुद्धा निघालेले नव्हते, आणि किल्ली कोणाकडे असते असे विचारणारा विद्यार्थी आगाऊ ठरत असे. शेवटच्या वर्षी ईसीजीचे सर्किट स्वतः बनवायचे ठरवले तेव्हा ‘सिम्युलेशन दाखव, गुण मिळतील’ हा सल्ला ज्यांच्याकडून मिळाला, त्यांचे काम मला शिकवण्याचे होते. एका मोठ्या खासगी रुग्णालयाने तर मला दुपारभर स्वागतकक्षात बसवून ठेवले आणि संध्याकाळी शिपायाकरवी निरोप पाठवला की आमची सगळी यंत्रे कंपनीच्या एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) आहेत, विद्यार्थ्यांचे इथे काही काम नाही. या माणसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो झाकून तुमचे आभार मानणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तुमच्या सरकारी रुग्णालयात मी कोणाच्याही ओळखीने आले नव्हते. दुरुस्तीच्या खोलीत मॉनिटर, सक्शन मशीन आणि नेब्युलायझर यांच्या गराड्यात तुम्ही बसला होतात. माझे सर्किट पाहून तुम्ही एकच प्रश्न विचारलात, ‘हे माणसावर लावून पाहिलंस का?’ नाही म्हटल्यावर तुम्ही सर्किटला वीज कुठून येते ते पाहिलेत, दोन्ही बॅटऱ्या तपासल्यात, आणि मग उठून माझ्या लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग भिंतीतून काढून बाजूला ठेवलात. त्यानंतर मनगटावरचे घड्याळ उतरवलेत, बाह्या वर केल्यात, तपासणीच्या पलंगावर आडवे झालात आणि म्हणालात, ‘लाव. आधी माझ्यावर लाव.’

काका, त्या क्षणाविषयी मी अजून कोणाशी नीट बोलू शकलेले नाही. भिंतीतली वीज चार्जरमधून, लॅपटॉपमधून माणसाच्या छातीपर्यंत कशी पोहोचू शकते, हे तुमच्याइतके त्या इमारतीत कोणाला ठाऊक असेल? ते ठाऊक असूनही, किंबहुना ते ठाऊक असल्यामुळेच, तुम्ही आधी प्लग काढलात आणि मग एका अनोळखी विद्यार्थिनीच्या हातच्या सर्किटला स्वतःचे शरीर जोडू दिलेत. इतक्या वर्षांत माझ्या कामावर कोणी साध्या सहीचीही जोखीम घेतली नव्हती.

पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांऐवजी घरगुती विजेचा 50 हर्ट्झचा जाड पट्टा उमटला आणि मी फिल्टरकडे हात नेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘सर्किट राहू दे, माझी कातडी बघ.’ स्पिरिटच्या बोळ्याने मनगटे पुसून ताजे जेल लावल्याबरोबर तो पट्टा विरला आणि लाट स्वच्छ दिसू लागली. त्वचेवर हृदयाचा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. दोन्ही हातांवरचा स्पर्श सारखा नसला, तर एरवी दोन्ही हातांवरच्या संकेतांच्या वजाबाकीत नाहीसा होणारा घरगुती विजेचा गोंगाट त्याच्यावर स्वार होतो. हे पुस्तकात समीकरणाच्या रूपात मी वाचले होते. ईसीजीसाठी 1924 साली नोबेल मिळालेले आइंटहोव्हेन रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवत, हेही वाचले होते. ते तसे का करत असतील, हे मला तुमच्या मनगटावर कळले.

तुमच्याकडे आणखीही पुष्कळ शिकले, पण त्याची यादी देत नाही. एक मात्र सांगितले पाहिजे. वॉर्डातल्या एका मॉनिटरची केबल पुन्हा पुन्हा तुटत होती आणि सगळे जण सिस्टरना बोल लावत होते. तुम्ही जाऊन पाहिलेत, पलंग प्लगपासून लांब असल्यामुळे तारेवर ताण येतो हे दाखवलेत आणि प्लगची जागा बदलून घेतलीत. त्या सिस्टरांचा चेहरा मी पाहिला आहे. चूक कोणाची हे शोधण्याआधी तार कुठे ताणली जाते हे पाहणारी माणसे रुग्णालयांत आहेत, म्हणून तिथली यंत्रे चालतात आणि तिथल्या लोकांना माणसासारखे काम करता येते. अशा माणसांना पुरस्कार मिळत नाहीत; निदान त्यांच्या विभागाला वेळेवर सुटे भाग आणि पुरेशी माणसे तरी मिळावीत, असे मला मनापासून वाटते.

प्रवेशाच्या मुलाखतीत मला ईसीजीतला गोंगाट कमी कसा कराल, असे विचारण्यात आले. उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडचे आणि अँप्लिफायरचे उत्तर मला येत होते, पण मी सुरुवात रुग्णाच्या त्वचेपासून केली. समोरच्या प्राध्यापकांनी विचारले की हे कुठे शिकलात, तेव्हा मी तुमच्या रुग्णालयाचे नाव सांगितले.

माझ्या मागच्या वर्गातल्या दोन मुली पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येऊ इच्छितात. अर्ज त्यांनी अधीक्षकांच्या कार्यालयात रीतसर दिला आहे. दोघी कष्टाळू आहेत आणि सोल्डरिंग उत्तम करतात. त्यांना तुमच्या खोलीत जागा द्यावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी