न काढलेलं खातं बंद कुणी करायचं? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

विषय: आपल्या ईमेलवर भलत्यानेच काढलेलं पेमेंट खातं 'माझं नाही' असं कळवण्याची सोय करण्याबाबत

माननीय महोदय,

मी देवगड तालुक्यातली आंबा बागायतदार आहे. वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, कधी येते याची वाट बघत बसण्यापेक्षा आम्ही बराचसा माल आता थेट गिऱ्हाइकाला देतो. पेटीवर आमचं नाव, मोबाइल नंबर आणि ईमेल छापलेला असतो. पेट्या पुण्याला जातात, डोंबिवलीला जातात, बडोद्यालाही जातात आणि आमचा ईमेल त्यांच्यासोबत गावोगाव फिरतो. यंदा ऐन एप्रिलमध्ये त्याच ईमेलवर एका ऑनलाइन पेमेंट कंपनीचं स्वागतपत्र आलं. आपलं खातं तयार झालं आहे, आता पैसे पाठवा, पैसे घ्या. खातेदाराचं नाव भलतंच होतं. मोबाइल नंबरचे शेवटचे आकडे तेवढे दाखवले होते, तेही आमच्या घरातल्या कुणाचे नव्हते. या कंपनीकडे आम्ही कधी खातं मागितलेलं नाही.

पावसाळ्यात हा ईमेल आला असता तर लगेच डोळ्यांत भरला असता. हंगामात तसं होत नाही. एकीकडे झेल्याने आंबे उतरवणं चाललेलं, दुसरीकडे आढीतला माल वेळेत पेटीत भरायचा, आणि फोनवर दिवसभर अनोळखी माणसांचे पैसे जमा झाल्याचे संदेश. त्या गर्दीत आणखी एक पेमेंटचा ईमेल म्हणजे कुणाचं लक्षही जाऊ नये. घाटापलीकडचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात, तो त्रास आम्हाला जुना आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून निदान तक्रार कुठल्या कायद्याखाली करायची हे तरी माहीत आहे. आमच्या ईमेलवर दुसऱ्याचं खातं निघालं तर कोणत्या दारात जायचं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

असा ईमेल का येतो, याची मी बरीच चौकशी केली. सगळ्यात साधी शक्यता म्हणजे कुणीतरी पत्ता चुकीचा टाकला. जीमेल पत्त्यातलं टिंब धरत नाही; नाव आणि आडनावामध्ये टिंब असलं काय, नसलं काय, पत्र एकाच पेटीत पडतं. कोकणात एकेक वाडी एकाच आडनावाची, आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. तेव्हा नामसाधर्म्याने घोटाळा होणारच. दुसरी शक्यता, ईमेलच खोटा आहे आणि त्यातल्या लिंकवरून पासवर्ड लुबाडायचा बेत आहे. तिसरी, खातं खरं आहे पण काढणाऱ्याने मुद्दाम दुसऱ्याचा ईमेल दिला आहे, म्हणजे फसवणुकीचे पैसे त्यातून फिरवले की माग भलतीकडेच निघावा. चौथी शक्यता मला ऐकूनही माहीत नव्हती. चोरटे एखाद्याच्या ईमेलवर शेकडो ठिकाणच्या नोंदणीपत्रांचा मारा करतात, त्या ढिगाऱ्यात बँकेचा एकच खरा इशारा गाडला जावा म्हणून. आमच्याकडे एकच ईमेल आला, तेव्हा हा प्रकार नसावा. तरी मी पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली, आमची पत्रं परस्पर दुसरीकडे वळवली जात नाहीत ना तेही तपासलं.

एवढं माझ्या हातात होतं. पुढचं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

त्या ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: हे खातं आपण काढलं नसेल तर इथे क्लिक करा. आता, 'आरबीआय कहता है' म्हणून आपलीच बँक आम्हाला सतत सांगते की अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. मी ते मनावर घेतलेलं आहे. मग ती ओळ लिहिली कुणासाठी? प्रामाणिक कंपनीही हेच वाक्य लिहिते आणि भामटाही हेच लिहितो. उलट भामट्याला ते जास्त उपयोगी, कारण बक्षिसाच्या लिंकवर माणूस दोनदा विचार करेल, पण 'हे मी केलं नाही' हे ठणकावून सांगायला घाईघाईने बोट टेकवेल. थोडक्यात, आपला सल्ला पाळणाऱ्या माणसाला कंपनीने दिलेला उपाय वापरता येत नाही, आणि उपाय वापरायचा तर आपला सल्ला मोडावा लागतो.

मी लिंकला हात लावला नाही. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिच्या संकेतस्थळावर गेले. तक्रार नोंदवायची तर आधी लॉगिन करा. कुठल्या खात्यात? फोन लावला, तर यंत्राने नोंदणीकृत मोबाइल नंबर विचारला, जो माझा नाहीच. एक मार्ग उघडा होता: ईमेल माझ्या ताब्यात असल्यामुळे 'पासवर्ड विसरलो' म्हणून त्या खात्यात शिरता आलं असतं. ओळखीच्या एका तरुणाने तेच सुचवलं. मला ते पटलं नाही. परक्याच्या खात्यात शिरणं योग्य नाही हे तर आहेच, शिवाय मी एकदा आत गेले की माझ्या फोनची, माझ्या इंटरनेट जोडणीची नोंद तिथे होणार. उद्या त्या खात्यातून काळंबेरं निघालं तर ते माझं नव्हतं हे कोण मानेल?

आमच्या बँकेच्या शाखेत सांगितलं की आमच्याकडचं तुमचं खातं सुरक्षित आहे, बाकीचं आम्हाला दिसत नाही. तेही खरंच. गावात ज्याला त्याला विचारलं, तो म्हणतो, "पैशे गेले नाय ना? मगे कित्याक घाबरतास?" हसू येतं, पण सरकारी व्यवस्थेचंही उत्तर याहून फार वेगळं नाही. सायबर फसवणूक कळवायचा १९३० हा क्रमांक गेलेला पैसा वाटेत अडवण्यासाठी आहे. तो हवाच, त्यावर लोकांचे पैसे वाचतात. आपण ६ जुलै २०१७ ला सूचना काढलीत की त्रयस्थाकडून गफलत होऊन पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं तर खातेदाराला तोशीस लागणार नाही. २०१९ मध्ये तीच हमी वॉलेटनाही लागू झाली. चांगलंच केलंत. पण हे सगळं पैसे गेल्यानंतर सुरू होतं. आणि बँका-पेमेंट कंपन्यांवरच्या तक्रारींसाठी आपण नेमलेल्या लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीकडे तक्रार, मग ३० दिवसांची वाट, आणि योजना सगळी ग्राहकासाठी. मी त्या कंपनीची ग्राहक नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

कुणी म्हणेल, एका ईमेलचं एवढं काय? त्यासाठी आमच्याकडे ईमेल कसा वापरला जातो ते सांगायला हवं.

शेतकऱ्याच्या कुठल्याही ऑनलाइन अर्जात ईमेलचा रकाना असतो. बऱ्याच ठिकाणी तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला ईमेल कुठला? मग सेवा केंद्रातला मुलगा स्वतःचा टाकतो, किंवा मोबाइलच्या दुकानदाराचा, नाहीतर मनाला येईल तो. ज्यांच्याकडे स्वतःचा आहे त्यांना तो गणपतीला आलेल्या चाकरमान्याने काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्यापाशी आणि तो परळला नाहीतर विरारला. माझ्या सासूबाईंचा ईमेल दिरांनी असाच काढून दिला. त्या तो शिमग्यापर्यंत उघडतही नाहीत. अशा माणसाच्या नावाने स्वागतपत्र आलं तर ते पोचतं भलत्याकडे, आणि ज्याला पोचतं त्याला ते कुणाचं हे ठाऊक नसतं. मुंबईत बसून ईमेल ही खात्रीची निशाणी वाटत असेल. इथे तो अर्जातला एक रकाना आहे, बस.

आपल्याच नियमांनुसार, कमीत कमी तपशिलावर निघणाऱ्या छोट्या वॉलेटला मोबाइल नंबर ओटीपीने पडताळावा लागतो. नाव आणि एखाद्या ओळखपत्राचा क्रमांक अर्जदाराने स्वतः सांगितला तरी चालतो. शिल्लक १०,००० रुपयांपर्यंत. छोट्या रकमेसाठी हे ठीक असेल. यूपीआयमध्ये निदान त्याच फोनमधल्या सिमवरून संदेश जावा लागतो. कार्डाने ऑनलाइन पैसे द्यायचे तर दुसरा पुरावा आपण २००९ पासून मागता आहात. पैसे द्यायच्या दाराला अशी दोन कुलपं लावल्यावर, खातं काढायच्या दारात निदान 'हा पत्ता खरंच तुमचा का' एवढं विचारून उत्तर येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे? मला आलेल्या पत्रात विचारणा नव्हती, खातं झाल्याची बातमी होती.

हे करता येत नाही असं म्हणायला जागा नाही, कारण शेजारच्या सरकारी विभागांनी आणि आपण स्वतः यातलं बरंच करून दाखवलं आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथीवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, आणि त्यातलं एखादं माझं नसेल तर तिथेच तसं कळवता येतं. लॉगिन माझ्या स्वतःच्या नंबरवर, सिम कुठल्या का कंपनीचं असेना. कुणी माझ्या नावावर कर्ज काढलं तर ते पतअहवालात उमटतं आणि तो अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आपण 'उद्गम' सुरू केलंत; त्यावर वेगवेगळ्या बँकांत पडून राहिलेल्या, विसरलेल्या ठेवी एकाच जागी शोधता येतात. म्हणजे मी काढून विसरले ते खातं शोधायची सोय आहे. मी काढलंच नाही ते शोधायची नाही. माझ्या मते या दुसऱ्या सोयीची गरज जास्त तातडीची आहे.

बँकांनी संकेतस्थळं 'बँक डॉट इन' वर न्यावीत असं आपण सांगितलंत आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिलीत. त्यामुळे खरी बँक ओळखायला एक खूण मिळाली. बँकांच्या कामकाजी फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरले. तशी खूण पेमेंट कंपन्यांच्या ईमेलला का नको?

माझं मागणं यातूनच येतं. 'हे खातं माझं नाही' हे सांगायची जागा ईमेलच्या बाहेर, सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच ठिकाणी असावी. तक्रारींच्या मदतीसाठी आपला १४४४८ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. तिथेच हा पर्याय ठेवा. ज्याला ईमेल आला त्याने पत्ता आणि कंपनीचं नाव सांगावं, आपल्याकडून त्याच्या ईमेलवर एक पडताळणी व्हावी, आणि ती झाली की कंपनीने तो पत्ता त्या खात्यावरून काढावा आणि खातेदाराची ओळख पुन्हा तपासेपर्यंत व्यवहार थांबवावेत. तक्रारदाराला लॉगिन मागू नये, आधार मागू नये. परक्याच्या चुकीसाठी मी माझी आणखी कागदपत्रं त्याच कंपनीला का द्यावीत? आणि नोंद केल्याचा एक क्रमांक मला मिळावा, म्हणजे उद्या कुणी विचारायला आलं तर दाखवायला कागद असेल. पुढे जमेल तेव्हा सिमसारखी वॉलेटचीही यादी दिसू द्या. ते काम मोठं आहे, मला कळतं.

काही कंपन्या परदेशी आहेत, हे कारण मला आधीच ऐकायला मिळालं आहे. पण परदेशातले पैसे इथल्या विक्रेत्यापर्यंत पोचवणाऱ्यांनाही आपण ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने आपल्या परवान्याखाली आणलंत. ज्याला इथे धंदा करायचा आहे त्याला एवढी अट घालता येईल.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. तोवर थांबा असं कृपया सांगू नका. आपल्याकडे २००७ चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा आहे आणि त्याखाली आपण एका परिपत्रकाने कंपन्यांना कामाला लावू शकता, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

ते खातं अजून तसंच आहे, की कुणी बंद केलं, मला माहीत नाही. कळायचा मार्गच नाही. मूळ ईमेल मी पुसलेला नाही. आपल्या कार्यालयाला तपासायचा असेल तर त्याच्या तांत्रिक नोंदींसह जसाच्या तसा पाठवीन. लेखी तक्रारींचा आपला पत्ता चंदीगडचा आहे, तिथे कागद पाठवता येतो. ईमेल कुठे पाठवायचा, तेवढं कळवावं.

आपली विश्वासू,
एक आंबा बागायतदार
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग