पंगतीत आठवी जागा देणाऱ्या, नेपाळमधल्या बंदीपूरच्या दिदींना

दिदी, नमस्ते.

पत्र मराठीत लिहितेय. अक्षरं तुम्हाला सगळी वाचता येतील, अर्थ मात्र लागणार नाही. तुमच्या बाजारातल्या पाट्यांपुढे माझंही तसंच व्हायचं. 'पसल' म्हणजे दुकान, हे कळायला मला दोन दिवस लागले. नातीला सांगा, मोबाइलवर अर्थ लावून देईल.

सिद्ध गुफा बघून परत चढताना शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय मुरगळला. चूक माझीच, अशा वाटेवर कोणी चपला घालून जातं का? बाजाराकडे निघालेल्या, मगर जमातीतल्या दोन दाइंनी, म्हणजे दादांनी, मला पाहिलं आणि जवळच्या घरातून एका बाजूनं कापलेला डोको, म्हणजे पाठीवरची टोपली, आणला. कपाळावर नाम्लोचा पट्टा अडकवून एकानं मला पाठीवर घेतलं. बावन्न वर्षांची, पासष्ट किलोची बाई, आणि तोंड मागे! चढ चढणाऱ्या माणसाच्या पाठीवर बसून दरी बघायचा योग मला परत येणार नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यांची भेट झाली तर हे आभार त्यांच्यापर्यंतही पोचवा.

खरी अडचण पुढेच होती. लॉजवरची माझी खोली त्याच दिवशी सोडायची होती आणि दशैंच्या, म्हणजे तुमच्या दसऱ्याच्या, गर्दीत दुसरी मिळेना. तुम्ही उंबऱ्यात सोयाबीन निवडत बसला होतात. माझा सुजलेला घोटा बघून एवढंच म्हणालात, "भित्र आउनुस्." आत या. घरात जागा होती असंही नाही. नारायणगढहून मोठा मुलगा सहकुटुंब आलेला, काठमांडूहून धाकटा. त्या रात्री मुलगा-सून बुइगलमध्ये, म्हणजे माळ्यावर झोपायला गेले, हे मला सकाळी कळलं. आरोग्य केंद्रातली मुलगी येऊन हाड शाबूत आहे म्हणून सांगून गेली. त्यानंतर रोज दोन वेळा मोहरीच्या तेलात बेसार, म्हणजे हळद, गरम करून तुम्ही स्वतः लेप लावलात.

पाय लांब करून खिडकीशी बसले नसते तर बंदीपूर मला कळलंच नसतं. गाड्यांना बंदी असलेला तो फरसबंद बाजार, कोरीव खिडक्या, समोर हिमाल. फोटो काढून मी दुसऱ्या दिवशी पोखऱ्याची बस पकडली असती. तुम्ही खालच्या मजल्यावरची रिकामी फडताळं दाखवलीत. सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं तिथे. 1768-69 मध्ये पृथ्वीनारायण शाहांनी काठमांडूचं खोरं जिंकलं, त्यानंतर भक्तपूरचे नेवार व्यापारी या मगरांच्या डोंगरावर आले. खाली तराईत हिवतापाची दहशत होती, वर हवा निरोगी. हिंदुस्थानातला माल इथून तिबेटच्या वाटेला लागायचा. मग 1950 नंतर तराईतला हिवताप आटोक्यात आला, लोक नारायणगढला उतरले. जिल्ह्याची कचेरी दमौलीला गेली. काठमांडू-पोखरा रस्ता झाला तोही खाली डुम्रेवरून, इथून आठ किलोमीटरवर. "हाम्रो बजार ओरालो लाग्यो," असं म्हणून तुम्ही हसलात. बाजार उताराला लागला. माझं माहेर राजापूर. खाडी गाळानं भरली तशी बंदराची रया गेली. त्यामुळे तुमचं ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

सप्तमीला, फूलपातीच्या दिवशी, तुमच्या थोरल्यानं मला धरून खड्गदेवीच्या देवळापर्यंत नेलं. वर्षातून एकदा दशैंत उघडणारं ते दार. मुकुंद सेन राजाचं खड्ग आत कापडात गुंडाळलेलं असतं म्हणे. गर्दीत मला फक्त माणसांच्या पाठी दिसल्या. तरी मी खूश होते.

पण पत्र लिहायला बसले ते अष्टमीसाठी. तुमच्या घरात दशैंला मोहनी म्हणतात, आणि अष्टमीचं कुछी भ्वय् हे जेवण घरच्या माणसांचं. केळीची पानं मांडलेली, वयाच्या क्रमानं पंगत. मी आपली खोलीत थांबले होते. तुम्ही आत आलात, विचारलंत, "कति वर्षकी?" मी बावन्न सांगितलं. तुम्ही बोटांवर मोजलंत, बाहेर जाऊन तुमच्या एका जावेला आणि तिच्या खालच्या सगळ्यांना एकेक पान सरकायला लावलंत आणि मला आठव्या जागेवर बसवलंत. पाहुणी म्हणून वर नाही, परकी म्हणून शेवटी नाही. चिउऱ्याचा, म्हणजे पोह्यांचा, ढीग, आलं, काळे सोयाबीन. म्हशीचं मांस मी खात नाही हे लक्षात ठेवून सोयाबीन दुप्पट वाढलंत. यावर काय बोलायचं, मला तेव्हाही सुचलं नव्हतं.

दशमीला कानामागे खोचलेला जमरा, ते धान्याचे कोंब, वाळून देवघरात आहे. आमच्या घटातल्या धान्यालाही असेच पिवळे कोंब येतात. आईनं बघून विचारलं, "हा कुणाच्या घटातला?"

आणि हो, चिउरा आम्ही ओला करून खातो हे ऐकून तुम्ही सगळे हसला होतात. कृती लिहायचं कबूल केलं होतं. जाड चिउरा चाळणीत धुवायचा, भिजवत ठेवायचा नाही. तेलात मोहरी, हिरवी मिरची, भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की बेसार, मग चिउरा, मीठ, चिमूटभर साखर, झाकण. वरून लिंबू. पहिल्या खेपेला गोळा होईल, होऊ दे.

तुमची,
पंगतीतली आठवी