वंशवाद हेतूत की परिणामात?

महोदय,

वंशवाद म्हणजे गोऱ्यांनी काळ्यांवर केलेला अन्याय, ही आपली सोयीची समजूत. ईशान्य भारतातल्या मुलीला ‘चिंकी’ म्हणणारा स्वतःला वंशवादी मानत नाही. त्याच्या लेखी ती थट्टा. मनात द्वेष असेल तरच वंशवाद, असे त्याचे गणित.

संयुक्त राष्ट्रांचा वांशिक भेदभावाविरुद्धचा १९६५ चा करार हे गणित मानत नाही. वंश, वर्ण, कुळ, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांवरून केलेल्या भेदाचा हेतू किंवा परिणाम समान हक्क हिरावणारा असला, की तो वांशिक भेदभाव. भारताने १९६८ मध्ये या करारावर मान्यतेची मोहोर उमटवली. (त्यात कुळ असूनही वंशवादाविरुद्धच्या २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न वंशात मोडत नाही, अशी भूमिका आपल्या सरकारने घेतली. दलित संघटनांना ती अजिबात पटली नव्हती, आणि मलाही पटत नाही.)

२०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. सुरुवात केसांच्या टिंगलीतून झाली होती. पुढे ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारींसाठी केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा टोमण्यांसाठी स्वतंत्र कलम सुचवले. नव्या न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंशावरून केलेल्या खुनाचा उल्लेख आहे, टोमण्यांचे ते कलम मात्र नाही. चेहरा पाहून खोली नाकारली, तर पुण्यात शिकणाऱ्या मणिपुरी मुलीने तक्रार कशाखाली नोंदवायची, हे गृहखात्याने एकदा जाहीर करावे.

– एक वाचक, पुणे